कंडक्टर नसलेल्या शहरात: परदेशातल्या बस-मेट्रोने फिरण्याची पूर्वतयारी

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मेट्रो नाही, लोकलही नाही. आपला प्रवास एसटीचा, पॅसेंजरचा, नाहीतर काळीपिवळीचा. एसटीत तिकिटाची चिंता आपण करत नाही, ती कंडक्टर करतो. तो आपल्या सीटपर्यंत येतो, कुठं जायचं ते विचारतो, पैसे घेतो, सुटे नसले तर तिकिटामागे लिहून देतो, पारोळा आलं की आवाज देतो आणि घंटी मारून गाडीही थांबवतो. परदेशातल्या बहुतेक शहरांत ही सगळी कामं प्रवाशाकडे येतात. भाषा, गर्दी, भुयारी स्टेशनं यांची भीती दोन-तीन दिवसांत जाते. कंडक्टरचं काम स्वतः करायची सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते.

हे लिहिताना डोळ्यासमोर दोन प्रकारचे लोक आहेत. एक, शिकायला किंवा नोकरीला पहिल्यांदाच बाहेर निघालेली मुलं. दुसरे, नातवंडं सांभाळायला काही महिने जाणारे त्यांचे आईवडील. मुलगा सकाळी ऑफिसला गेला की दिवसभर घरात बसून राहायचं नसेल, तर आईवडिलांना हे जास्त उपयोगी पडेल.

घरून निघण्याआधी

पहिलं काम बँकेचं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधल्या नियमानुसार नवं कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस, म्हणजे नुसतं टेकवून पैसे देण्याची सोय, या दोन्ही गोष्टी बँकेच्या ॲपमधून आपणच चालू करायच्या असतात. हे इथूनच करा. तिथं गेटसमोर उभं राहिल्यावर ॲप ओटीपी मागेल, सिमला रोमिंग नसेल आणि मागे रांग वाढत जाईल. कार्डावर चार वक्र रेषांची खूण आहे का तेही बघून घ्या. ती नसेल तर बँकेत जाऊन कार्ड बदलून घ्या. लंडन, सिंगापूर, न्यूयॉर्कच्या गेटांवर व्हिसा आणि मास्टरकार्ड सर्रास चालतात, रुपेवर आणि फोनपेवर विसंबू नका. शक्यतो दोन कार्डं न्या आणि ती दोन वेगळ्या खिशांत ठेवा.

दुसरं काम नकाशाचं. गूगल मॅप ऑफलाइन उतरवून घेतला की झालं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. ऑफलाइन नकाशा रस्ता दाखवतो, पण कोणती बस, किती वाजता, कुठं बदलायची, हे त्यात येत नाही. त्यासाठी इंटरनेट लागतं. म्हणून विमानतळ ते घर हा पहिला मार्ग घरच्या वायफायवर शोधून त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. घराचा पत्ता, जवळचं स्टेशन आणि मुलाचा नंबर एका कागदावरही लिहा. बॅटरी संपली तरी कागद चालतो. टोकियोसारख्या ठिकाणी हाच पत्ता जपानी लिपीत लिहून घ्या, म्हणजे तो नुसता पुढे केला तरी काम होतं.

तिसरं काम तालमीचं, आणि ते सहसा कोणी करत नाही. व्हिसाच्या कामासाठी आपल्यापैकी बहुतेकांना मुंबई गाठावीच लागते. त्या दिवशी रिक्षा-टॅक्सी न करता दादर किंवा ठाण्याहून लोकलने घाटकोपरला जा आणि तिथून मेट्रोने अंधेरीला. क्यूआर तिकीट दाखवून गेट उघडणं, सरकत्या जिन्यावर पाय टाकणं, फलाटावर कोणत्या बाजूची गाडी आपली ते ओळखणं, उतरल्यावर योग्य दिशेचा जिना शोधणं, हे सगळं तिथं मराठीत शिकून होतं. पुण्यात कोणी नातेवाईक असेल तर पुणे मेट्रोही चालेल. साठीच्या पुढच्यांना सरकत्या जिन्याची धास्ती असते, ती घरच्या माणसाच्या हाताला धरून मोडलेली बरी.

भाडं कापायची पद्धत

नव्या शहरात दंड होतो तो बहुतेक वेळा इथेच. माणूस पैसे द्यायला तयार असतो, पण कधी आणि कसे द्यायचे हे त्याला कळलेलं नसतं. पद्धती ढोबळमानाने तीन.

पहिल्या पद्धतीत आत शिरताना कार्ड टेकवायचं आणि बाहेर पडतानाही टेकवायचं. मशीन अंतर मोजून पैसे कापतं. लंडनची ट्यूब आणि सिंगापूरची एमआरटी (दोन्ही तिथल्या मेट्रोच), दुबईची मेट्रो, टोकियोच्या गाड्या या प्रकारातल्या. बाहेर पडताना टेकवायचं राहिलं, तर तुम्ही किती लांब गेलात हे मशीनला कळत नाही. लंडनमध्ये अशा वेळी सगळ्यात जास्तीचं भाडं कापलं जातं. स्टेशनवर गेट असेल तर ते आपोआप आठवतं, पण लंडनच्या काही लहान स्टेशनांवर गेटच नसतं, फलाटाजवळ एका खांबावर नुसतं मशीन असतं. तिथं लोक सरळ चालत निघून जातात. दुसरी खोच अशी की सुरुवातीला जे कार्ड टेकवलं तेच शेवटी टेकवायचं. प्लास्टिकचं कार्ड आणि मोबाइलमध्ये घातलेलं तेच कार्ड, हे मशीनच्या लेखी दोन वेगळे प्रवासी असतात. आणि एका कार्डावर एकच माणूस. नवऱ्याच्या कार्डावर बायकोनेही जायचं, असं या गेटवर जमत नाही.

बसचं गणित पुन्हा वेगळं. लंडनच्या बसमध्ये चढताना एकदाच टेकवायचं, उतरताना नाही. सिंगापूर आणि दुबईत बसमधून उतरतानाही टेकवावंच लागतं. म्हणजे एका शहरातली सवय दुसऱ्या शहरात नडते. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत, ड्रायव्हरसमोर नोट धरून उभं राहण्यात काही अर्थ नाही.

दुसरी पद्धत सरसकट भाड्याची. न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, आत शिरताना एकदा पैसे कापले की एक स्टेशन जा नाहीतर शहराच्या दुसऱ्या टोकाला जा, भाडं तेच. बाहेर पडताना काही टेकवायचं नसतं. समजायला ही सगळ्यात सोपी.

तिसरी पद्धत आपल्या माणसाला सगळ्यात फसवी, कारण ती फुकट वाटते. बर्लिन, म्युनिक अशा जर्मन शहरांत मेट्रोला गेटच नाही. जिन्याने खाली उतरायचं आणि गाडीत बसायचं, कोणी अडवत नाही. तिकीट आपण होऊन काढायचं. मशीनमधून निघालेलं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का मारायचा, तेव्हा ते तिकीट लागू होतं. शिक्का नसेल तर खिशातलं तिकीट बिनकामाचं. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, दारं बंद झाली की ओळखपत्र काढतात. दंड ६० युरो. “आम्ही नवीन आहोत, माहीत नव्हतं” हे वाक्य ते रोज ऐकतात. आपल्याकडे टीसीला चार शब्द बोलून थोडंफार जमवता येतं अशी एक समजूत आहे, ती भुसावळलाच सोडून जा. बर्लिनचं साधं तिकीट दोन तास चालतं, पण एकाच दिशेने. त्याच तिकिटावर परत येता येत नाही.

पास काढायची घाई नको. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये तेच कार्ड सतत टेकवत राहिलं, तर ठरावीक रकमेनंतर पुढचा प्रवास आपोआप फुकट होतो. लंडनमध्ये अशी मर्यादा दिवसाचीही आहे आणि सोमवार ते रविवार अशी आठवड्याचीही. काही न ठरवताच पास मिळाल्यासारखं आहे हे. जर्मनीत महिनाभर राहणार असाल तर देशभर चालणारं महिन्याचं तिकीट आहे. ते बस, ट्राम, मेट्रो आणि लोकल गाड्यांत चालतं, लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत चालत नाही. शिवाय ते वर्गणीसारखं असतं, बंद करायला सांगितलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. टोकियोला सुईका नावाचं कार्ड घ्या. ते रेल्वे, मेट्रो, बस सगळीकडे चालतं, पण त्यात पैसे भरायला स्टेशनवरची बरीच मशीनं रोखच मागतात. तेव्हा थोडे येन जवळ हवेत.

एक सांगून ठेवतो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीनंतर मोफत प्रवास, ही सवलत महाराष्ट्रापुरती. परदेशात ज्येष्ठांसाठी सवलती आहेत, पण बहुतेक ठिकाणी त्या तिथं राहणाऱ्यांसाठी असतात. आधार कार्ड काढून दाखवलं तरी उपयोग नाही.

विमानतळ ते घर

पहिला प्रवास शक्य तर दिवसा ठरवा. रात्री उशिरा उतरत असाल, सोबत दोन मोठ्या बॅगा आणि सांडग्या-पापडांचा खोका असेल, तर टॅक्सी घ्या. पहिल्याच रात्री पैसे वाचवण्याचा हट्ट मला पटत नाही.

दिवसा मात्र सार्वजनिक गाडीने जाणं सहज जमतं. लंडनच्या हीथ्रोहून तीन वाटा आहेत. पिकॅडिली लाइन सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सावकाश. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन मधली, डबे प्रशस्त, सामानवाल्यांना सोयीची. हीथ्रो एक्स्प्रेस थेट पॅडिंग्टनला नेते, पण महाग, आणि घर पॅडिंग्टनजवळ नसेल तर वाचलेला वेळ पुढची गाडी शोधण्यात जातो. विमानतळावर जाहिरात तिचीच ठळक दिसते, एवढं लक्षात ठेवा. बर्लिनमध्ये भाड्यासाठी ए, बी, सी असे झोन आहेत; विमानतळ सी झोनमध्ये आहे, शहर ए आणि बी मध्ये. म्हणून तिथून निघताना ए-बी-सी तिकीट लागतं. सवयीने ए-बी तिकीट काढणारे पहिल्याच दिवशी दंड भरतात. दुबईत टर्मिनल १ आणि ३ ला रेड लाइनची स्टेशनं आहेत, मात्र मेट्रोत सामानाच्या आकारावर मर्यादा आहे, आणि रविवारी मेट्रो सकाळी ८ ला सुरू होते. सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून एमआरटी घेतली की तानाह मेराहला गाडी बदलायची.

आपली गाडी ओळखणं

एसटीच्या पाटीवर शेवटचं गाव लिहिलेलं असतं. अमळनेरला उतरायचं असलं तरी आपण चोपड्याची पाटी बघून चढतो. मेट्रोतही तेच. फलाटावर तुमच्या स्टेशनचं नाव दिसणार नाही, त्या दिशेचं शेवटचं स्टेशन दिसेल. म्हणून घरून निघताना दोन नावं पाठ करा: आपलं स्टेशन आणि त्या दिशेचं शेवटचं स्टेशन. लंडनमध्ये उत्तरेकडे, पश्चिमेकडे अशा दिशाही लिहिलेल्या असतात. न्यूयॉर्कमध्ये अपटाउन (ढोबळमानाने उत्तरेकडे) आणि डाउनटाउन (दक्षिणेकडे), आणि काही स्टेशनांवर या दोन दिशांची प्रवेशद्वारंच रस्त्याच्या दोन बाजूंना वेगवेगळी असतात. चुकीच्या जिन्याने उतरून कार्ड टेकवलं, तर पलीकडे जायला कधी कधी पुन्हा पैसे मोजावे लागतात. जिना उतरण्याआधी वरची पाटी वाचा.

लाइनचा रंग बघून चढणं पुरेसं नाही. जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या गाड्या पुढे फुटतात, काही खंडवा-इटारसीकडे, काही अकोला-नागपूरकडे. लंडनच्या डिस्ट्रिक्ट लाइनचं असंच आहे. एकाच फलाटावर एकच हिरवा रंग, पण एक गाडी विम्बल्डनला, दुसरी रिचमंडला, तिसरी ईलिंगला. गाडीच्या तोंडावरची आणि फलाटावरच्या फलकावरची पाटी वाचूनच पाय टाका. न्यूयॉर्कला लाल रंगाच्या १, २, ३ या गाड्या आहेत. दिवसा १ सगळीकडे थांबते, २ आणि ३ मधली स्टेशनं गाळतात. पॅसेंजर थांबते तिथं सुपरफास्ट थांबत नाही, हे पाळधीच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नावं लक्षात राहत नसतील तर आकडे धरा. टोकियोच्या मेट्रोत प्रत्येक स्टेशनला अक्षर आणि क्रमांक आहे. गिंझा लाइनवर शिबुया जी ०१, गिंझा जी ०९. आकडे आपल्या स्टेशनच्या आकड्याकडे सरकत असतील तर दिशा बरोबर. आईवडिलांसाठी याहून सोपी युक्ती नाही. टोकियोत आणखी एक क्रमांक लिहून घ्या, बाहेर पडायच्या दाराचा. शिंजुकू स्टेशनला दोनशेहून जास्त दारं आहेत. चुकीच्या दाराने बाहेर आलात तर समोरच्या इमारतीपर्यंत पोचायला पाव तास चालावं लागू शकतं.

बसची गोष्ट वेगळी

बसला घाबरणारे लोक मेट्रोला घाबरणाऱ्यांपेक्षा जास्त, आणि त्यांचं चुकतही नाही. स्टेशन हलत नाही, पण बसचा थांबा म्हणजे कधी कधी नुसता एक खांब.

पहिला प्रश्न रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं हा. इंग्लंड, सिंगापूर, जपान इथं वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. अमेरिका, जर्मनी, दुबई इथं उजवीकडून. त्यामुळे तिथं आपल्या दिशेची बस, आपल्या अंदाजाने जी ‘पलीकडची’ बाजू, तिथं येते. नकाशावर थांब्याचं नाव सारखंच दिसतं, बाजू मात्र दोन असतात. रस्ता ओलांडतानाही याच कारणाने मान दोन्हीकडे वळवा. पन्नास वर्षांची सवय चुकीच्या बाजूला बघायला लावते.

बस येताना दिसली की हात करा. लंडनमध्ये हात न करणाऱ्यासाठी बस थांबेलच असं नाही. पुढच्या दाराने चढायचं, मधल्या किंवा मागच्या दाराने उतरायचं. उतरायच्या आधीच्या थांब्यानंतर खांबावरचं बटण दाबायचं. कोणी आवाज देत नाही, आणि बटण न दाबता दाराशी जाऊन उभं राहिलं तर ड्रायव्हर थांबा गाळून पुढे जातो. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत बसमध्ये रोख पैसे चालतात, पण अचूक रक्कम लागते. ड्रायव्हर सुटे देत नाही आणि मागे लिहूनही देत नाही.

बर्लिनच्या गाड्यांत दार बहुधा आपोआप उघडत नाही, दारावरचं बटण आपण दाबायचं. दार उघडायची वाट बघत उभं राहिलं तर गाडी निघून जाते.

आत बसल्यावर

खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची पद्धत तिथं नाही. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यायचं, हा नियम सगळीकडे पाळतात. सरकत्या जिन्यावर लंडनमध्ये उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू घाईतल्यांना मोकळी सोडायची. टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. समोरचे कुठं उभे आहेत ते बघा आणि त्यांच्या मागे उभे राहा. टोकियोत गाडीत फोनवर बोलणं असभ्य समजतात. पाठीवरची सॅक पुढे घ्या, ती मागच्याच्या पोटात जाते हे आपल्याला कळत नाही.

पुरी-ठेच्याचा डबा सिंगापूर आणि दुबईच्या गाडीत उघडू नका. सिंगापूरच्या गाड्यांत खाण्यापिण्यावर ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड आहे. तिथं डुरियन नावाचं फणसासारखं फळ, त्याच्या उग्र वासामुळे, गाडीत न्यायलाही मनाई आहे. दुबईच्या मेट्रोत बायका-मुलांचा डबा वेगळा आणि गोल्ड क्लासचा वेगळा. फलाटावर बायकांच्या डब्याच्या गुलाबी खुणा बघा, घाईत पुरुष माणूस त्या डब्यात शिरला तर दंड होतो.

चुकलंच तर

चुकीच्या गाडीत बसलात हे कळलं की पुढच्या स्टेशनवर उतरा, गेटबाहेर पडू नका, समोरच्या फलाटावरून उलटी गाडी धरा. गेटबाहेर पडलात तर बहुतेक ठिकाणी नवं भाडं सुरू होतं. टोकियोत कागदी तिकिटाचे पैसे कमी पडले तर बाहेर पडण्याआधी फरक भरायचं मशीन असतं, तिथं शांतपणे भरायचे. त्याला दंड म्हणत नाहीत.

दोघं-तिघं मिळून फिरत असाल तर एक नियम घरूनच ठरवून निघा. दार बंद झालं, एक आत गेला आणि दुसरा फलाटावर राहिला, तर आतल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथंच फलाटावर थांबायचं. मागे राहिलेल्याने पुढच्या गाडीने तिथं जायचं. दोघंही एकमेकांना शोधत उलटसुलट फिरले तर संध्याकाळ होते. बंद होणाऱ्या दारात हात घालायचा प्रयत्न करू नका, आणि चुकामूक झाली म्हणून आपत्कालीन दांडा ओढू नका. आपल्याकडच्या साखळीसारखाच त्याचाही गैरवापर गुन्हा ठरतो.

शेवटची गाडी किती वाजता, हे जेवायला बाहेर पडण्याआधी बघा. टोकियोच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमाराला बंद होतात आणि पहाटेच सुरू होतात. न्यूयॉर्कचा सबवे चोवीस तास चालतो. बर्लिनची मेट्रो शुक्रवार-शनिवारी रात्रभर असते. लंडनमध्ये रात्रीच्या बसच्या नंबरापुढे बऱ्याचदा एन हे अक्षर असतं, आणि तिचा मार्ग दिवसाच्या त्याच नंबराच्या बसहून लांब असू शकतो.

कोणाला विचारायचं असेल तर गणवेशातल्या कर्मचाऱ्याला विचारा. लांबलचक इंग्रजी लागत नाही. कागदावरचं स्टेशनचं नाव दाखवा आणि बोटाने दिशा विचारा. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट असलेलीच स्टेशनं निवडा. लंडनच्या नकाशावर अशा स्टेशनांपाशी व्हीलचेअरची खूण असते. जुन्या स्टेशनांपैकी बऱ्याच ठिकाणी नुसते जिनेच आहेत. संकटाचा नंबर युरोपात ११२, इंग्लंडमध्ये ९९९, अमेरिकेत ९११.

परतायच्या आठवड्यात कार्डातल्या शिलकीकडे बघा. साध्या सुईका कार्डासाठी घेतलेली ५०० येनची अनामत रेल्वेच्या खिडकीवर कार्ड जमा केलं की परत मिळते. पर्यटकांसाठीच्या सुईकात अनामत नसते आणि उरलेले पैसेही मिळत नाहीत, ते विमानतळावरच्या दुकानात खर्चून टाका. दुबईचं नोल कार्ड (तिथल्या मेट्रो-बसमध्ये टेकवायचं कार्ड) आणि त्यातली शिल्लक पुढे येणाऱ्या व्याह्यांना देता येते. आणि घरी पोचल्यावर बँकेच्या ॲपमधला परदेशी वापर पुन्हा बंद करा.